कारवाँ ते व्हॅन : एका जुन्या रस्त्याची गोष्ट

‘व्हॅन’ हा शब्द मुळात फारसी आहे, असं सांगितलं तर चटकन विश्वास बसत नाही. पण ते खरं आहे. फारसीत व्यापाऱ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या तांड्याला ‘कारवान’ म्हणतात. सोळाव्या शतकात हा शब्द युरोपीय भाषांमधून फिरत इंग्रजीत गेला आणि ‘कॅराव्हॅन’ झाला. पुढे माणसं आणि सामान वाहून नेणाऱ्या मोठ्या झाकलेल्या गाडीलाच तिथं कॅराव्हॅन म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात त्याचा पुढचा भाग गळून पडला आणि नुसती ‘व्हॅन’ उरली.

याच कुळातले कितीतरी शब्द मराठीत थेट आले आणि इथलेच झाले. शिवकाळाच्या कुठल्याही बखरीत फौजा ‘मजल दरमजल’ चालतात. ही मजल म्हणजे अरबी ‘मंझिल’, एका दिवसाच्या वाटचालीनंतरचा थांबा. पत्राच्या पाकिटावर आपण ‘मु. पो.’ लिहितो. त्यातला मुक्कामही अरबीच. सफर, मुसाफिर, सराई हे शब्द तर कुणाला सांगावेही लागत नाहीत.

सांगायचं कारण असं की, सध्या जुनी व्हॅन विकत घ्यायची, तिच्यात गादी आणि शेगडी बसवायची आणि मिळेल त्या रस्त्यानं निघायचं, याचं तरुणांमध्ये मोठं आकर्षण आहे. मोबाइलवर त्याच्या चित्रफिती पाहिल्या की, हा सगळा प्रकार अमेरिकेत किंवा जर्मनीत जन्मला असं वाटतं. गाडी जर्मन होती हे खरं. पण जुन्या व्हॅननं केलेला सगळ्यात गाजलेला प्रवास तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून होत आपल्या गोव्यापर्यंत यायचा. तो रस्ता कारवाँचा होता, आणि त्या रस्त्यावर गाडी चालली ती इंजिनाइतकीच कडेच्या माणसांच्या भरवशावर. हा भाग चित्रफितीत दिसत नाही. म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर पाहू.

चाकाआधीचा रस्ता

पश्चिम आशियात चाकाचा वापर फार जुना आहे. तरीही इस्लामच्या उदयाच्या सुमारास तिथल्या रस्त्यांवरून चाकाची गाडी जवळपास नाहीशी झाली होती. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७५च्या ‘द कॅमल अँड द व्हील’ या ग्रंथात याचं कारण मांडलं. उंटावरचं खोगीर सुधारलं आणि उंट बैलगाडीपेक्षा स्वस्त पडू लागला. उंटाला बांधलेला रस्ता लागत नाही, लाकडी चाकं आणि जोखड लागत नाही. एक माणूस अनेक उंट हाकू शकतो. लोकांनी चाक सोडलं ते अडाणीपणानं नव्हे, हिशेब करून सोडलं. पुढची हजारेक वर्षं तिथली बहुतेक वाहतूक जनावरांच्या पाठीवरून झाली.

उंटाला रस्ता नको असला तरी रात्रीचा निवारा लागतो. त्यातून कारवाँसराईची व्यवस्था उभी राहिली. उंच भिंती, एकच भक्कम दरवाजा, मध्ये मोठं अंगण आणि विहीर, भोवती माणसांसाठी खोल्या आणि जनावरांसाठी तबेले. दोन सरायांमधलं अंतर साधारण एका दिवसाच्या चालीचं, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरचं. तुर्कस्तानात अक्सरायजवळ सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादनं १२२९मध्ये बांधलेली ‘सुलतान हान’ आजही उभी आहे. तिच्या अंगणाच्या मधोमध चार कमानींवर एक छोटी मशीद आहे. इराणमधल्या अशा ५४ सरायांना २०२३मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या सराया चालायच्या कशा? काही सुलतानांच्या खजिन्यातून, काही व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून आणि पुष्कळशा वक्फच्या उत्पन्नातून. कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात एक आहे ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेचा पुत्र, प्रवासात अडलेला माणूस. तो आपल्या गावी श्रीमंत असला तरी वाटेत त्याचा हक्क मान्य केला आहे. पाहुण्याचा सन्मान तीन दिवस करावा, ही हदीसमधली शिकवणही सर्वांना माहीत आहे. सेल्जुक सरायांमध्ये तीन दिवसांचा मुक्काम फुकट असायचा, असं इतिहासकार सांगतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता दमास्कसला आला, तेव्हा तिथले वक्फ पाहून चकित झाला. वाटसरूंना जेवण, कपडे आणि आपल्या मुलखात परतण्याचा खर्च देणारेही वक्फ तिथं होते, असं त्यानं नोंदवलं आहे.

हा इब्न बतूता १३२५मध्ये मोरोक्कोच्या तंजा शहरातून निघाला आणि काही वर्षांनी हिंदुस्थानात पोचला. पुढे तो दौलताबादला आला, नंदुरबारला थांबला. तिथल्या मराठी कारागिरांबद्दल आणि वैद्यांबद्दल त्यानं चांगलं लिहिलं आहे. होनावरच्या सुलतानाबरोबर तो गोव्यापर्यंतही गेला. त्याच्या पुस्तकात गोव्याचं नाव ‘संदाबूर’ असं येतं. रस्ते सगळे सुरक्षित होते असं मात्र नाही. अलिगढजवळ त्याला लुटारूंनी पकडलं होतं आणि जिवावरचं संकट कसंबसं टळलं होतं. म्हणूनच सराईची भिंत उंच असायची आणि दार रात्री बंद व्हायचं.

उत्तर हिंदुस्थानात शेरशाह सूरीनं १५४० ते १५४५ या पाच वर्षांच्या राजवटीत ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी केली. अब्बास खान सरवानी हा इतिहासकार सांगतो की, दर दोन कोसांवर सराई होती आणि अशा १,७०० सराया होत्या. आकडा फुगवलेला असेल असं धरलं तरी त्यानं दिलेला तपशील महत्त्वाचा आहे. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची वेगवेगळी सोय होती, हिंदूंना पाणी आणि जेवण द्यायला ब्राह्मण नेमलेले होते, आलेल्याला खाट मिळायची आणि घोड्याला दाणा. राज्यकर्त्याचा धर्म एक, प्रवाशाचा दुसरा, तरी सोय सरकारची, असा हा व्यवहार होता. आपल्याकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला मुघलकालीन सराईची वेस अजून पाहायला मिळते. लेणी पाहायला जाणाऱ्या हजारो गाड्या तिच्याजवळून जातात.

वोल्फ्सबर्गचा पत्र्याचा डबा

आता व्हॅनकडे वळू. जर्मनीतल्या वोल्फ्सबर्गचा फोक्सवॅगन कारखाना १९३८मध्ये नाझी राजवटीनं उभारायला घेतला. युद्धाच्या काळात तिथं हजारो लोकांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेलं. युद्ध संपलं तेव्हा कारखान्याची मोडतोड झाली होती आणि तो भाग ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता. आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तो पुन्हा चालू केला. कारखान्याच्या आवारात सामान इकडून तिकडे न्यायला कामगारांनी मोटारीच्या सांगाड्यावर फळी ठोकून एक साधी गाडी बनवली होती. हॉलंडचा मोटार विक्रेता बेन पोन याला ती दिसली. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यानं आपल्या वहीत एक चित्र काढलं. चार रेघांचा डबा, पुढे चालकाची जागा, मागे इंजिन, मध्ये सामान. आज ते पान ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे.

८ मार्च १९५०पासून ही गाडी कारखान्यात नियमित तयार होऊ लागली. इंजिन १,१३१ सीसीचं, ताकद फक्त २५ अश्वशक्ती. पाव विकणारे, दूधवाले, नळ दुरुस्त करणारे हे तिचे पहिले गिऱ्हाईक. १९५१मध्ये वेस्टफालिया या कंपनीनं तिच्यात बसवायचं लाकडी सामान बाजारात आणलं. बाकाची खाट व्हायची, कपाटातून शेगडी निघायची. कामाच्या दिवशी ते काढून ठेवायचं आणि सुटीच्या दिवशी बसवायचं. सामान्य कामगाराच्या कुटुंबाला हॉटेलविना प्रवास करता येऊ लागला तो असा. १९६७मध्ये तिचं दुसरं रूप आलं, समोर एकसंध मोठी काच आणि बाजूला सरकतं दार असलेलं. ब्राझीलमध्ये या गाडीचं उत्पादन तर २०१३पर्यंत चाललं.

तिचं इंजिन हवेनं थंड होणारं होतं. रेडिएटर नाही, म्हणजे पाणी उकळण्याची भीती नाही आणि हिवाळ्यात गोठण्याचीही नाही. अनातोलियाची थंडी आणि कंदाहारचं ऊन एकाच प्रवासात सोसायचं असेल, तर हा मोठाच फायदा. जुन्या सांडणीसारखी ती कमी खाणारी, हळू चालणारी आणि रस्त्याबाबत फारशी तक्रार न करणारी होती.

जुनी गाडी घेणं म्हणजे

साठीच्या दशकाच्या शेवटी यातल्या हजारो गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या. दूधवाल्यानं दहा वर्षं वापरलेली व्हॅन विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत होती. तिघं-चौघं मिळून ती घेत, आत फळ्या ठोकत, पडदे शिवत आणि निघत. प्रवास संपला की ती पुढच्या टोळक्याला विकत.

पण जुनी गाडी स्वस्त का मिळते, हे पहिल्याच घाटात कळतं. या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर, आणि गाळायला साधी जाळी. म्हणून दर काही हजार किलोमीटरला तेल बदलायचं आणि टॅपेट सेटिंग करायची. तीन नंबरच्या सिलिंडरपर्यंत गार हवा नीट पोचत नाही, त्यामुळे त्याचा व्हॉल्व्ह जळण्याची भीती कायमची. इंजिनाचा आवाज बदलला की थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग निघायचं. क्लचची वायर, फॅनचा पट्टा, प्लग, पॉइंट हे सुटे भाग बिस्किटाच्या डब्यासारखे जवळ बाळगायचे. आणि पत्र्याला गंज. समुद्रकाठी महिना-दोन महिने उभी केलेली व्हॅन खालून कशी खाल्ली जाते, हे गोव्यातल्या कुठल्याही डेंटिंगवाल्याला विचारावं.

१९६९मध्ये जॉन म्यूर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं सामान्य माणसाला ही गाडी स्वतः दुरुस्त करता यावी म्हणून एक पुस्तक लिहिलं. नोकरी सोडून तो न्यू मेक्सिकोत गॅरेज चालवत होता. ज्याला काहीच येत नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून त्यानं पाना कुठला धरायचा इथपासून सांगितलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या. गाडीचं ऐकायला शिका, तिला वेळ द्या, हे त्या पुस्तकाचं सार होतं.

तरी पुस्तक सगळीकडे पुरत नाही. एर्झुरूमच्या अलीकडे गिअर अडकला किंवा हेरातजवळ स्प्रिंग तुटली, की माणूसच शोधावा लागायचा. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्यानं ही जर्मन गाडी कदाचित आयुष्यात उघडलेली नसायची. पण लोखंड त्याला कळत होतं. तो तुटलेला भाग पाहून दुसरा घडवायचा, ट्रकच्या ट्यूबमधून रबर कापून पट्टी बसवायचा. कुर्ला किंवा मालेगावच्या गॅरेजमध्ये ज्यांनी अशी कारागिरी पाहिली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल अशाच हातांवर पेटली. शाळेचा दाखला नसला तरी या हातांकडे विद्या होती, हे कारवाँच्या इतिहासात लिहून ठेवायला हवं.

इस्तंबूल ते हणजूण

हा प्रवास साधारण दहा हजार किलोमीटरचा. युरोपातून इस्तंबूल. तिथं सुलतान अहमद मशिदीजवळ १९५७मध्ये सुरू झालेलं ‘लाले’ नावाचं उपाहारगृह होतं. परदेशी मुलं त्याला ‘पुडिंग शॉप’ म्हणायची. त्याच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर कुणी काबूलपर्यंत सोबत मागायचं, कुणी मागे राहिलेल्या मित्राला निरोप लिहायचं. जुन्या सरायांमध्ये व्यापारी एकमेकांना रस्त्याची खबर द्यायचे, तेच काम हा फळा करत होता. बॉस्फरसवरचा पूल ३० ऑक्टोबर १९७३ रोजी खुला झाला. त्याआधी गाड्या बोटीवर चढवून आशियात उतरवाव्या लागत.

मग अंकारा, एर्झुरूम, तबरीझ, तेहरान, मशहद आणि पुढे हेरात. अफगाणिस्तानात एक गंमत होती. हेरात ते कंदाहार हा काँक्रीटचा रस्ता सोव्हिएत संघानं बांधून दिला होता आणि कंदाहार ते काबूल हा डांबरी रस्ता अमेरिकेनं. शीतयुद्धातल्या दोन्ही महासत्ता मैत्री दाखवायला रस्ते बांधत होत्या आणि त्यावरून युरोपातली युद्धाला कंटाळलेली पोरं जुन्या व्हॅन हाकत होती. काबूलहून काही जण बामियानला वळत. दरीतल्या त्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती तेव्हा उभ्या होत्या. तालिबाननं त्या मार्च २००१मध्ये फोडल्या. शतकानुशतकं मुसलमान वस्तीनं त्या आपल्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या, हे या संदर्भात विसरता कामा नये.

पुढे खैबर खिंड, पेशावर, लाहोर, मग वाघ्याची सीमा ओलांडून अमृतसर आणि दिल्ली. तिथून काही गाड्या नेपाळकडे जात आणि काही दक्षिणेला, मुंबईमार्गे गोव्याला. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला होता. साठीच्या दशकाच्या मध्यापासून कळंगुट, हणजूण, वागातोर इथं या लोकांचा हिवाळी तळ पडू लागला. हणजूणचा आठवडी बाजार त्यातूनच उभा राहिला. पैसे संपलेले परदेशी आपले कॅमेरे, कपडे, टेपरेकॉर्डर तिथं विकायचे. गाडी विकणं मात्र सोपं नव्हतं. ‘कार्ने’ नावाच्या हमीपत्रावर ती देशात आलेली असायची, आणि ठरल्या मुदतीत ती देशाबाहेर गेली नाही तर कर भरावा लागायचा.

वाटेतला अनुभव कसा होता? त्या काळातल्या प्रवाशांच्या लिखाणात एक गोष्ट पुन:पुन्हा येते. व्हॅन शेताच्या कडेला थांबली की कुणीतरी चहा घेऊन येई, घरी बोलावी. पैसे घ्यायला नकार देई. अनेक परदेशी लोकांनी याला ‘पूर्वेकडचा स्वभाव’ म्हटलं. मला हे वर्णन अपुरं वाटतं. स्वभाव हवेतून येत नाही. ज्या गावांनी हजार वर्षं सराया चालवल्या, वक्फ केले, मुसाफिराचा हक्क मानला, त्या गावांची ती सवय होती. सराया पडल्या होत्या, सवय शिल्लक होती. त्या जुन्या व्हॅन त्या सवयीच्या उधारीवर चालल्या.

उधारी नेहमीच फेडली गेली असंही नाही. नशेच्या पदार्थांसाठी येणारे होते, मशिदीच्या पायरीवर अर्ध्या कपड्यांत बसणारे होते. स्वस्ताई म्हणजे साधेपणा अशी समजूत करून घेणारे तर फारच. दुसरीकडे, एकट्या प्रवासी बायकांना या रस्त्यावर पुरुषांचा त्रास झाला, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पाहुणचाराचं गोडवं गाताना ते झाकायला नको.

ज्यांना निघता आलं नाही

या रस्त्यानं गाड्या दोन्ही दिशांनी धावल्या, पण निघण्याचा अधिकार मुख्यतः एका बाजूचा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून बाहेर पडणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या हातात सरकारी नियमानं जेमतेम आठ डॉलर यायचे. आपल्याकडचा एखादा तरुण जुनी गाडी घेऊन लंडनला निघतो म्हणाला असता, तर घरच्यांआधी रिझर्व्ह बँकेनंच त्याला थांबवलं असतं. फाळणीनं विभागलेल्या कुटुंबांसाठी तर लाहोर आणि कराची लंडनहूनही लांब होती. पासपोर्ट युरोपचा असला तर वाघ्याचं दार उघडायचं. सख्ख्या भावाला भेटायला निघालेल्या माणसाला मात्र व्हिसासाठी खेटे घालावे लागत.

१९७२ साल घ्या. त्या हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर व्हॅनच्या रांगा लागत होत्या. त्याच वेळी महाराष्ट्रात दुष्काळ होता. मराठवाड्यातली आणि सोलापूर-नगरकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रस्ते बांधत होती. अफगाणिस्तानातही १९७१-७२ला भयंकर दुष्काळ पडला आणि घोर प्रांतात लोक भुकेनं मेले. एका बाजूला हौसेनं घर सोडलेली माणसं, दुसऱ्या बाजूला पोटासाठी घर सोडलेली. रस्ता दोघांचाही होता, पण इतिहासात नाव पहिल्यांचं झालं.

दार बंद होतं

डिसेंबर १९७१च्या युद्धात भारत-पाकिस्तान सीमा बंद झाली, पुढे उघडली. एप्रिल १९७८मध्ये काबूलमध्ये रक्तरंजित सत्तांतर झालं. फेब्रुवारी १९७९मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ज्यांनी हेरात-कंदाहारचा रस्ता बांधला, त्यांचेच रणगाडे आता त्यावरून जात होते. सप्टेंबर १९८०मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं. काही गाड्या बलुचिस्तानातून क्वेट्टामार्गे येत राहिल्या. १९८४नंतर पंजाबही अशांत झाला. परदेशी पोरं विमानानं येऊ लागली.

व्हॅन त्यानंतरही रस्त्यांवर होत्या आणि सुटे भागही मिळत होते. संपला तो रस्ता. मंगोलांच्या स्वाऱ्या, राजवटींची उलथापालथ आणि दुष्काळ पचवून पुन:पुन्हा सुरू झालेली वाट विसाव्या शतकातल्या सीमांनी आणि महासत्तांच्या राजकारणानं बंद पाडली. ज्या हेरात आणि कंदाहारनं पाहुण्यांना चहा पाजला, तिथलीच लाखो माणसं पुढे निर्वासित होऊन त्याच रस्त्यानं पेशावर आणि मशहदकडे चालत गेली.

आपली व्हॅन

महाराष्ट्रात त्या जर्मन गाड्या फारशा आल्या नाहीत, पण त्यांची एक चुलत बहीण आली. हॅम्बुर्गच्या ‘टेंपो’ कंपनीनं १९४९मध्ये ‘मॅटाडोर’ नावाची गाडी काढली. तिला सुरुवातीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. १९५८मध्ये याच कंपनीच्या सहकार्यानं आपल्याकडे बजाज टेंपो सुरू झाली आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून भारतीय मॅटाडोर बाहेर पडू लागली. आज मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण टेंपो म्हणतो, तो शब्द तिथून आला.

मॅटाडोरमध्ये कुणी एकांत शोधायला गेलं नाही. वऱ्हाड, हाजींना निरोप द्यायला निघालेलं गाव, खुलताबादचा उरूस, पंढरीची वारी, जेजुरी, शाळेची सहल. नऊ-दहांच्या जागेत वीस माणसं, टपावर पातेली आणि सतरंज्या. दुपारी झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायची, विहिरीवरून पाणी आणायचं. शेताचा मालक आला तर आधी ‘कुठले पाहुणे?’ विचारायचा आणि मग हिरवी मिरची, कांदे आणून द्यायचा. आपली ‘कॅम्पिंग’ची परंपरा ही अशी होती.

प्रश्न मुक्कामाचा आहे

२०२१मध्ये महाराष्ट्र शासनानं ‘कॅराव्हॅन पर्यटन’ धोरण जाहीर केलं. कारवाँ हा शब्द इंग्लंडला जाऊन साहेबी टोपी घालून शासन निर्णयात परत आला. धोरण चांगलंच आहे. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, शौचालय यांची सोय व्हावी, हा विचार सराईचाच आहे. पण गाडीत राहणं हे ज्याला परवडतं त्याच्यासाठी पर्यटन आणि ज्याला गत्यंतर नाही त्याच्यासाठी संशय, असा भेद आपल्याकडे जुना आहे. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहणारा बंजाऱ्यांचा तांडा हा दख्खनचा कारवाँ होता. मुघलांच्या फौजा त्यांच्या रसदीवर जगल्या. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये गेला. मनातला संशय गेला का?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं गाडीतून अंत्यविधीला निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला जमावानं अफवेवरून मारलं. दोन्ही ठिकाणी मारले गेलेले मुसाफिर होते. त्यांचा धर्म कुठला, हे पाहून हळहळ कमी-जास्त करणाऱ्यांनी इब्नुस्सबील हा शब्द पुन्हा वाचावा. त्यात वाटसरूचं नाव विचारायची अट नाही. आणि नाव ऐकल्यावर लॉजमधली खोली ‘भरलेली’ होण्याचा अनुभव ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना तर ही अट का नसावी हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जुनी व्हॅन घेऊन निघणाऱ्या तरुणांनी जरूर निघावं. टॅपेट सेटिंग शिकावी, सुटे भाग जवळ ठेवावेत, गावात थांबल्यावर कचरा सोबत परत न्यावा. आणि जे घरी आहेत, त्यांच्यावरही एक काम आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना दानशूर माणसांच्या पैशातून उभा राहिला आणि दूरवरून आलेल्या हाजींना त्यानं आसरा दिला. प्रत्येकाला मुसाफिरखाना बांधता येणार नाही. पण रात्री वेशीवर अनोळखी गाडी थांबलेली दिसली, तर मोबाइलवर अफवा पुढे ढकलण्याआधी तिथवर चालत जाऊन पाणी हवं का, एवढं विचारता येतं. हजार वर्षं या रस्त्यावर गाड्या आणि उंट चालले, ते हा प्रश्न विचारणाऱ्या माणसांमुळे.